अलफिया वाहक झाली

आदरणीय मधुसूदनभाऊ यांस,

दारव्ह्याहून मोहिउद्दीनचा सलाम. पुण्याची हवा मानवली का? शीलावहिनींचे गुडघे कसे आहेत? (इथल्या जीपांचे धक्के सुटले, म्हणजे बरेच असावेत.) गॅरेज ठीक चालले आहे. मी मात्र ठीक नाही.

आपल्या अलफियाला पुण्यात हायड्रोजनवर पुढचे शिकायला जागा मिळाली. ती आजीला म्हणाली, दादी, हायड्रोजन हा ऊर्जेचा वाहक आहे. अम्मीला कमी ऐकू येते, शेवटचे तेवढेच पोचले. आणि अम्मीला वाहक ठाऊक एकच, एसटीतला. संध्याकाळपर्यंत नात कंडक्टर झाल्याची साखर गल्लीभर वाटून झाली. डेपोतले नेमसिंग स्वतः येऊन पोरीला घंटीची दोरी कशी ओढायची ते दाखवून गेले.

मग पोरीने समजावले. उन्हाच्या विजेने पाणी फोडायचे, निघालेला हायड्रोजन भरून ठेवायचा, लागेल तिथे न्यायचा. वापरला की धूर नाही, पुन्हा पाणीच. अम्मी गंभीर झाली. बसवलेली सवारी सगळी पोचते का, तिने विचारले. नाही दादी, निम्म्याहून जास्त वाटेतच जाते. (पोरगी खोटे बोलत नाही, हीच अडचण.)

"मंग असा वाहक कायले ठेवता?"

"तेच तर शिकाले जाऊन राह्यली, दादी."

गॅसची गळती मी आयुष्यभर नाकाने ओळखत आलो. अलफियाने गॅरेजात सोलर प्लेटच्या विजेवर बाटलीभर हायड्रोजन काढला. मी हुंगले, काही नाही असा निकाल दिला आणि काडी ओढली. अर्धी दाढी गेली. त्याला वास नसतो, आणि उजेडात त्याची ज्योतही दिसत नाही, हे मला दाढी गेल्यावर सांगण्यात आले.

हसू नका, भाऊ. मी घाबरलो, ते दाढीसाठी नाही. जे मला हुंगता येत नाही, दिसत नाही, तिथे माझी पोर एकटी जाणार. इथे काही बिघडले असते तर पाना घेऊन धावलो असतो. तिथे कुठे धावू? तेव्हा वडीलकीने फोन करून तिला थांबवा. यवतमाळलाही बी.एड. होते.

आपला,
मोहिउद्दीन

ता.क. अम्मी म्हणते, वाटलेली साखर परत मागता येत नाही. पोरगी जाईल.

ता.क. दुसरा. फोन करू नका. रविवारी सकाळी ती शिवाजीनगरला उतरेल, तेवढे घ्यायला जा. बॅग जड लागेल. आत माझा दहा-अकराचा पाना आहे. मी नाही घातला, तिनेच मागून घेतला.