मोलमीनहून आलेला डबा

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धीर होतोय. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता तुझा आवाज आठवायचा तर आधी तुझं एखादं वाक्य मनात म्हणावं लागतं. "थांब, आंदी वास पायते." दूध असो, तेल असो, नाही तर दारात आलेला नवा माणूस असो, तू सगळ्याला आधी नाकानं ओळखायचीस. बाबा म्हणायचे, हिचा देवाच्या प्रसादावरही भरोसा नाही. तू हसायचीस, पण प्रसादही हुंगूनच तोंडात टाकायचीस.

त्या चैत्रात केनवडचा तो मुलगा त्याच्या काकांबरोबर आपल्या अनसिंगच्या घरी मला पाहायला आला. ब्रह्मदेशात, मोलमीनला, सागवानाच्या वखारीत कारकून होता. बाबांनी मनातून होकार देऊनच टाकला होता. त्यानं पिशवीतून पत्र्याचा डबा काढला, तुझ्यापुढं ठेवला, आणि तू झाकण उघडलंस मात्र, सगळी ओसरी त्या वासानं भरली. सडक्या कांद्यात कुणी गूळ कालवून उन्हात ठेवावा, तसा वास. काका उगाच बाहेर बैल बघायला गेले.

"हे काय आनलं, बाप्पा?"

"फळ हाय मावशी. दुरियान म्हन्तेत. नारळाएवढं अस्ते, वरून सारे काटे. ताजं टिकत नाई, म्हनून आटवून ठेवतेत. वास सोसला का मंग गोड लागते."

"पन सोसाचा काहून?" तू विचारलंस. तो हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, माय. मी दाराआडून पाहत होते. बाबांनी बोटाच्या टोकावर जरासं घेतलं, डोळे मिटून गिळलं, अंगणात जाऊन चूळ भरली आणि परत येऊन म्हणाले, "बरं हाय, बरं हाय." सोयरिकीसाठी त्यांनी त्या दिवशी माती खाल्ली असती तरी तेच म्हटलं असतं.

तू डबा घेऊन आत येतेस. मला चुलीजवळ बसवतेस आणि तळहातावर त्या तपकिरी गोळ्याचा तुकडा ठेवतेस. "चाख. जिथं जाचं हाय, तिथलं तोंडात घालून पाय." मी श्वास रोखून तो जिभेवर ठेवते. आधी लसणासारखं काही तरी नाकात चढतं, आणि मग हळूहळू सीताफळाचा गर तुपात आटवावा तशी चव पसरत जाते. वाईट का चांगली, ठरवताच येत नाही. तू डब्याकडं पाहत नाहीस, माझ्या तोंडाकडं पाहतेस. "कसं लागते?" "काय मालूम," मी म्हणते. मग तू स्वतः एक तुकडा घेतेस आणि कितीतरी वेळ तो चघळत बसतेस. तुझ्या कपाळाला आठी पडते.

"हे बजारातलं नोहे," तू म्हणालीस. "कुठं करपलं नाई, कुठं कच्चं नाई. दिवसभर कोनी तरी चुलीपाशी बसून हालवलं हाय. विकाचं अस्तं तं येवढा जीव कोन लावते? हे कोनी तरी आपल्या मानसासाठी केलं हाय."

पदर सावरून तू बाहेर गेलीस. "तिकडं तुमाले रांधून कोन वाढते?"

"खानावळ हाय, मावशी."

"अन् हे?"

"बजारातून घेतलं."

"करते कोन? गडी का बाया?"

"बाया," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. त्यानंतर त्यानं चहाच्या पितळी पेल्यातून मान वर काढली नाही.

चौथ्या दिवशी तू निरोप पाठवलास, जमत नाही. बाबा भडकले. "वासावून सोयरीक मोडाची का?" तू भाकरी थापत होतीस. "वास तं मी कवाच इसरली," एवढंच बोललीस. त्यांना काही समजलं नाही. गावभर हसू झालं. मला वाटलं, लेक समुद्रापार जाऊ नये म्हणून तिकडं त्याच्यासाठी रांधणारी ही बाई तूच मनातून उभी केलीस. जिचा तू संशय घेत होतीस तिच्यापेक्षा मला तुझाच संशय जास्त आला. पुढच्या वर्षी वाशीमला माझं लग्न झालं. माणूस चांगला मिळाला. ताटात काय आहे हे न बघता जेवतो, पण चांगला आहे.

मग बऱ्याच वर्षांनी ब्रह्मदेशात लढाई पेटली आणि तिकडची माणसं जंगलांतून पायी परत येऊ लागली. केनवडच्या बाजारात तू नि मी मिरच्या घ्यायला गेलो होतो. कुठून तरी दोन पिकले फणस आले होते, आणि आपल्याकडचे लोक नाकाला पदर लावून बाजूनं जात होते. त्या फणसांपाशी एक गोरी, बारीक डोळ्यांची बाई बसली होती. डोळे मिटून वास घेत होती. शेजारी तो उभा होता, केस पिकलेले. बरोबर एक मुलगी, थेट त्याच्याच तोंडवळ्याची. मला पाहायला आला तेव्हा ती मुलगी चालत असणार, इतकी मोठी.

त्यानं आपल्याला ओळखलं आणि मान खाली घातली. तू त्याच्याकडं पाहिलंही नाहीस. सरळ त्या बाईपुढं जाऊन बसलीस. "हे कसं खातेत, बाई?" तिला भाषा कळली नाही, पण तिनं एक गरा सोडवून तुझ्या हातावर ठेवला. आणि तू, जन्मात पहिल्यांदा, न हुंगता तो तोंडात टाकलास.

परतताना बैलांच्या दमणीत तू मला एकदाही म्हणाली नाहीस की पाय, मी सांगतलं होतं. फक्त विचारलंस, "तुयं बरं झालं ना, पोरी?" मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

हे कागद आता घडी करून ठेवून देईन. तुझ्यापर्यंत ते जायचे नाहीत, म्हणून एवढं लिहून टाकते. त्या दिवशी चुलीजवळ तू मला चव विचारलीस, जाशील का ते विचारलं नाहीस. विचारलं असतंस, आणि त्या बाईचं सगळं आधी सांगितलं असतंस, तरी मी जाते म्हटलं असतं.