पिवळ्या फ्रॉकचं गिऱ्हाईक

आई,
तुला नमस्कार आणि माझ्या लेकीला, अनूला, दोन पापे.

मीरा रोडला मी मजेत आहे. नोकरीत इंग्लिश लागतं, म्हणून शांती नगरच्या क्लासला जाते. तिथे जोड्या लावून दुकानातलं बोलणं शिकवतात. बाक म्हणजे काउंटर, वस्तू सगळ्या हवेतल्या. मी दुकानदार, जवळच्या मोरवा गावातल्या इंदुबाई गिऱ्हाईक. त्या रोज एकच मागतात, चार वर्षांच्या मुलीसाठी पिवळा फ्रॉक. मी अनूला शिवून पाठवला ना, अगदी तसा. अनूबद्दल मी इथे कुणाला बोललेही नाहीये.

काल त्यांनी हवेतला फ्रॉक चाचपला. एकदम मराठीत म्हणाल्या, "उजवी बाही उसवलीय गो."

मी हसून विचारलं, "नातीला घेताय का?"

"मला नात न्हाय. ही तुझ्या बाजूला उभी हाय ना, तिला."

माझ्या बाजूला कुणीच नव्हतं.

अनूचा खोकला थांबला का? जेवते ना नीट?

फोनवर विचारायचा धीर होत नाही, म्हणून लिहितेय. फ्रॉकची उजवी बाही बघ. शाबूत असेल तर लगेच फोन कर. उसवली असेल तर करू नकोस. तिला कुशीत घेऊन बस, मी येते.

तुझी,
उमी