कानबाईचे डोळे

आई, तुला वाचता येत नव्हतं. हॉस्टेलवरून आलेली माझी पत्रं तू शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायचीस, म्हणून मी त्यांत खुशालीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. आता मास्तरांचा संकोच उरला नाही. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, मीही पन्नाशीला टेकलो, आणि एक गोष्ट सांगायची राहूनच गेली.

नव्वदच्या दशकातला तो श्रावण. मी नाशिकला चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. रविवारी पांडवलेण्यांत बसून दगडी मूर्तींची स्केचेस करायची आणि स्वतःला कलावंत समजायचं, असे ते दिवस. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसणार म्हणून मी नामपूरला घरी आलो. नारळाला हळद लावायची, काजळाने डोळे काढायचे, मग नथ-लुगडं घालून त्यालाच देवी मानायचं. डोळे काढायचं काम आपल्या घरात कायम तुझं. पण त्या वर्षी तुला मोतीबिंदू झाला होता. स्वयंपाकघरात नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळता मळता तू म्हणालीस, “भाऊ, औंदा डोया तू काढ.”

मी पोस्टर कलर घेऊन बसलो. पापण्या, बुबुळं, बुबुळांत चमक, कॉलेजात शिकलेली सगळी करामत मी त्या नारळावर केली. तासाभराने तो बायकांपुढे ठेवतो, तर आत्या पदर तोंडाला लावून हसते आहे. “वहिनी, हाई तं सिनेमानी बाई शे! आते इले पावडर बी आन.” सगळ्या खो खो हसतात. तू हसत नाहीस. नारळ अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघतेस, ओल्या फडक्याने सगळं पुसतेस, पुन्हा हळद लावतेस. मग काजळात बोट बुडवून, कानांच्या जागेपर्यंत जाणाऱ्या लांब रेघा ओढतेस आणि मधे एकेक ठिपका देतेस, वरच्या रेघेला न टेकणारा, खालच्या रेघेलाही नाही. “तिले समदासकडे देखनं पडस,” तू म्हणतेस. “एकलाकडेच देखी, तं बाकीना उपाशी ऱ्हातीन.”

मला राग आला होता. धड दिसत नसलेल्या बाईने माझं काम पुसावं! आरतीला मी मुद्दाम मागे, दारापाशी उभा राहिलो. वर पाहिलं तर कानबाई माझ्याकडेच बघत होती. बाजूला सरकलो, तरी माझ्याकडेच.

पुढच्या वर्षी कॉलेजची सहल अजिंठ्याला गेली. भिंतीवर उजेड पडला आणि सगळे वा वा करू लागले. मी चित्रांतले डोळे बघत राहिलो. हुबेहूब तुझे डोळे नव्हते ते, पण जातकुळी तीच. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी त्या माणसांनाही कुणा आईने असंच काही सांगितलं असेल, असं वाटून मी मनातल्या मनात हात जोडले. त्यानंतर कांदा निवडणाऱ्या बायका काढल्या, आखाजीच्या सणाचे झोके काढले, सगळ्यांना तेच डोळे दिले.

नाशिकला पहिलं प्रदर्शन लागलं तेव्हा तुला जाऊन दोन वर्षं झाली होती. एका जाणत्या गृहस्थांनी विचारलं, “हे डोळे अजिंठ्याचे ना?” मी “हो” म्हणालो. चांगलं वाटलं ऐकायला. मग तेच छापून आलं, आणि इतकी वर्षं तेच छापून येतंय. देवीसमोर रोज दिवा लावताना ते खुपायचं, पण दुरुस्त करायची हिंमत झाली नाही.

या वेळच्या प्रदर्शनात तुझं चित्र आहे, मांडीवर नारळ घेतलेलं. त्यासाठी माझ्याबद्दल चार ओळी मागितल्या होत्या. आज सकाळी पूजा झाल्यावर लिहून दिल्या: डोळे काढायला आईने शिकवलं, अजिंठा नंतर पाहिला. हलकं वाटलं, गं. दुपारी पोटभर जेवून झोपलो.

पण तुझं चित्र पुरं करताना एक कळलं. तू सदा चुलीवर, परातीवर, नाहीतर त्या नारळावर वाकलेली. तुझे स्वतःचे डोळे कसे होते, ते मला आठवत नाही. मी तुला कानबाईचे दिलेत.