आत्याचे हललेले फोटो

६ जून

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तू केलेला फोटोंचा व्हिडिओ झकास झाला. दादा भेटेल त्याला दाखवत सुटलाय. माझ्या कॅमेऱ्यावरचा एकही फोटो त्यात नव्हता, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. सगळे पुसट आलेत, हात हलला असणार, असं तू फोनवर सांगितलंच होतंस. वर त्या दिवशी समारंभाच्या हॉलमध्ये सगळ्यांना म्हणालीस की आत्याचा हात एवढा हलतो, तरी तिने शिवलेले कपडे अंगाला बसतात हे आपलं नशीब. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले.

गंमत बाजूला. तेव्हापासून कापड बेतायला बसले की हाताकडेच लक्ष जातं. लोकांचं महागामोलाचं कापड, एकदा कात्री वाकडी गेली की गेली. म्हणून गेल्या महिन्यापासून बेतायचं काम दुकानातल्या माझ्या जोडीदारीण बाईंकडे सोपवलंय. मी आपली बटणं लावते, हुक टाकते. गिऱ्हाइकांना डोळे दुखतात म्हणून सांगितलंय, थरथर म्हणायची लाज वाटते. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, पण ते तोंडावर कशाला सांगतील? दादाला यातलं काही कळू देऊ नकोस, तो उगाच जिवाला घोर लावून घेईल.

तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत पोतं टाकल्यासारखी बसू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आत्या

१४ जून

ती. स्व. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, तुझा हात हलला नव्हता. चूक माझी आहे.

पत्र वाचून राहवेना, म्हणून तुझे फोटो पुन्हा व्हिडिओत घातले. जुळवाजुळव करताना स्क्रीनवर पहिल्यासारखेच पुसट. या वेळी मात्र व्हिडिओ पूर्ण तयार करून पाहिला, तर बाबांच्या चष्म्याच्या काडीवरचा ओरखडासुद्धा दिसला. आमच्या ऑफिसात व्हिडिओचं काम करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कॅमेऱ्याचे फोटो जड, कॉम्प्युटर अडखळू नये म्हणून काम चालू असताना सॉफ्टवेअर त्यांची हलकी, पुसट नक्कल दाखवतं. शेवटी व्हिडिओ तयार होतो तेव्हा मूळ फोटोच जातो. आमचे मोबाइलवरचे फोटो मुळात हलके, म्हणून तेवढेच स्वच्छ दिसत होते. सांगताना त्याला हसू आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकदा मूळ फोटो उघडून पाहिला असता तरी कळलं असतं. तेवढीही तसदी घेतली नाही, आणि वर चारचौघांत विनोद केला. तोही ज्या हाताने माझा शाळेचा गणवेश शिवला त्या हातावर. नुसतं लाज वाटते म्हणून भागणार नाही हे कळतं. तुझ्या फोटोंचा नवा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर सोबत पाठवते आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू नको म्हणालीस हे निमित्त, खरं म्हणजे धीरच झाला नाही.

कात्री परत हातात घे, एवढं माझं ऐक. हवी तेवढी रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी ठकू

२३ जून

चि. ठकूस आशीर्वाद.

फोटो लख्ख आहेत. आधी हायसं वाटलं, मग तुझा असा राग आला की पत्र लिहायला बसवेना. राग ओसरल्यावर माझीच मला लाज वाटली. इतकी वर्षं कापड बेतते, सुताचा फरक नजरेने कळतो, आणि तुझ्या एका वाक्यावर मी माझ्याच हाताला खोटं ठरवलं. मूळ फोटो माझ्या कॅमेऱ्यात होतेच की. मीही उघडून पाहिले नाहीत. पाहायची भीती वाटली.

काल कात्री घेतली. गिऱ्हाइकाचं नव्हे, अस्तराचं साधं कापड. खडूची रेघ सरळ आली. कात्री लावली आणि हात थरथरला. फोटो काढताना कधी थरथरला नव्हता, तो आता खरोखर थरथरला. आजार नाही, एवढं मला कळतं. धास्ती बसली आहे. ती जाईल की राहील, सांगता येत नाही. बाईंनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, त्याचं जास्त लागलं.

दादाला तूच सांग, आणि त्या दिवशी जे जे हसले त्यांनाही. माझी काळजी म्हणून नको, तुझी चूक म्हणून सांग. मग इकडे ये. माफी मागायला नको, ती पोचली. मी बेतायला बसेन तेव्हा शेजारी बस, आणि माझ्या हाताकडे बघू नकोस.

लोभ कमी झालेला नाही.

आत्या