लाल चिमटे

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरलीय, तेव्हा वाकणं बेताचंच समज). तुझी तब्येत कशी आहे? भाऊजींचं विचारत नाही, ते मजेतच असणार. गेल्या महिन्यात पाळीच्या आधी फोनवर रडत म्हणालीस, "मी नसले तर कुणाचं काय अडणारे?" आणि चार दिवसांनी हसून, "अगं, विसर ते!" मी विसरलेले नाही. पण आधी आमच्या वॉर्डातली धमाल ऐक!

मेट्रनबाईंनी फर्मान काढलं की पाळीच्या आगेमागे जिचं मन थाऱ्यावर नसेल त्या नर्सने ॲप्रनला लाल चिमटा लावायचा (कपडे वाळत घालायचा, दुसरा कुठला!). तिच्याशी हळू बोलायचं आणि ती रडली तर काहीही न विचारता शेजारी बसायचं. पहिल्याच सकाळी बघते तर अख्ख्या वॉर्डाला चिमटे! खुद्द मेट्रनबाईंनाही. (त्यांची पाळी जाऊन जमाना लोटला. म्हणाल्या, "पाळी गेली, राग कुठे गेलाय?") आमच्यातला एकुलता एक पुरुष नर्सही चिमटा लावून हजर. म्हणे घरी तीन बहिणी आहेत, माझाही हक्क आहे. सगळेच कुजबुजायला लागले, तशी पेशंटना वाटलं कुणीतरी गेलं. एवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांना वाटलं जंतुसंसर्ग टाळायचा नवा नियम निघालाय, म्हणून गुपचूप एक चिमटा कोटाला लावला. झालं! ज्यांच्यापुढे आम्ही चळाचळा कापतो, त्यांना स्टुलावर बसवून मेट्रनबाई शेजारी बसल्या, चकार शब्द न काढता. डॉक्टर घाबरून म्हणाले, "मला काय झालंय?" खरा अर्थ कळल्यावर कानापर्यंत लाल झाले, पण चिमटा काही काढला नाही. उलट सगळ्यांसमोर म्हणाले, दर महिन्याला जिला जगणं नकोसं होतं तिने लाजू नये, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ताई, मला इतका आनंद झाला की औषधांच्या खोलीत जाऊन नाचून आले (कंबर त्यानेच धरली असावी).

तुझीच,
धाकटी

ता. क. पाकिटात एक चिमटा आहे. लावत जा. भाऊजींना त्याचे नियम वेगळ्या पत्राने कळवलेत.

आणखी ता. क. रविवारी येते. आमच्या डॉक्टरीणबाईंची तुझ्यासाठी वेळ घेतलीय. भांडायचं असेल तर रस्त्यात भांडू.

शेवटचा ता. क. फर्मान मेट्रनबाईंचं खरं, पण त्यांना ते सुचलं कसं, ते लिहायचं राहिलं. तुझा फोन ठेवून मी चादरींच्या खोलीत रडत बसले होते. त्या आल्या आणि काही न विचारता शेजारी बसून राहिल्या. मग मीच त्यांना सगळं सांगितलं. अडतं, ताई. माझं अडतं.