पहिली आग

रविवार, २१ एप्रिल २०२४
वीटभट्टी, पारोळच्या पुढे

प्रिय दिपे,

यमुनाताईचे अनेक आशीर्वाद. तुझी परीक्षा संपली असेल. आश्रमशाळेत पाणी येतंय ना? इकडे आम्ही मजेत. आईचा खोकला कमी आहे. बाबाही बरा आहे.

आज आठवड्याचा बाजार. मुकादम सगळ्यांना घेऊन गेलाय. पोटात दुखतंय म्हणून मी मागे राहिले. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे आता खरंच दुखायला लागलंय.

हे पत्र सॅन्टनदादा आणून देईल. वटारचा आहे तो, आमच्या विटा ट्रकने विरारच्या टॉवरांना पोचवतो. उद्या त्याची खेप जव्हारला आहे. वाचलंस की चुलीत टाक.

दिपे, शेठचा माणूस तुला माझं आणखी एक पत्र देईल. सुट्टीत इकडे ये, शेठ नवा ड्रेस घेणार आहे, असं त्यात आहे. अक्षर माझंच आहे. शेठने समोर बसून लिहून घेतलं. ते खरं मानू नकोस.

बाबा बरा नाही. वर लिहिताना धीर झाला नाही. शिमग्याला गावी जायचं तर घरातलं एक माणूस भट्टीवर ठेवून जायचं, ही इथली रीत तुला ठाऊक आहे. मागच्या वर्षी तूच राहिली होतीस. या वेळी बाबा कुणालाच न सांगता तक्रार करायला तहसील कचेरीकडे निघाला. शेठच्या माणसांनी त्याला फाट्यावर धरला. आता कोळशाच्या खोलीत कोंडलाय. शेठ म्हणतो, धाकटीला आणून ठेवा, मग सोडतो.

उद्या भट्टी लावायची. पहिली आग बाईच्या हातची लागते आणि या खेपेला शेठने मला सांगितलंय. कच्च्या विटा रचून तयार आहेत, वर आभाळ भरून आलंय. पाऊस पडला तर सगळा चिखल होईल. काल विहिरीवर जिजामावशी हळूच म्हणाली, "तुज्या बापाला सोडल्याबिगर आगीला कोनी हात लावायचा नाय. पन शेठला 'नाय' तुलाच म्हनावं लागंल, पोरी." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला फार भीती वाटते गं. शेठचा आवाज चढला की माझ्या तोंडून आपोआप हो निघतं. सॅन्टनदादा सकाळी जाताना कचेरीत सांगणार आहे, पण साहेब कधी येतील कोण जाणे. तोवर मला पेटता टेंभा घेऊन सगळ्यांसमोर उभं राहून नाही म्हणायचंय.

दिवाळीनंतर तुला पाहिलं नाही. आलीस तर मी तुला सोडणारच नाही, म्हणून बजावते, येऊ नकोस. उद्या मार पडला आणि माझा धीर सुटला, तर शेठ माझ्याकडून अजून एक पत्र लिहून घेईल. तेही मानू नकोस. मी स्वतः शाळेच्या दारात येऊन तुझा हात धरेन, तेव्हाच निघ.

येऊ नकोस म्हणणारी, तीच तुझी
यमुनाताई