अस्तरातलं क्रियापद

३ मार्च

चि. बेबीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा शिंपी भाऊ चौसष्टाव्या वर्षी स्पॅनिश शिकतोय. हसून झालं की पुढचं वाच.

लेक-जावई नातीला घेऊन जूनमध्ये दहा दिवस येतायत. मागच्या खेपेला माझ्या गळ्यातली टेप बघून पोर आठ दिवस आईच्या मागून बाहेर आली नाही. आता ती सहा वर्षांची आहे आणि स्पॅनिशखेरीज अक्षर बोलत नाही. तिनं माझ्याशी एकदा, फक्त एकदा खेळावं, एवढंच मला हवंय. म्हणून खेळण्याचंच क्रियापद घेतलंय. कोपऱ्यावरची औषधवाली लेकीच्या त्या देशात राहून आलीय, ती शिकवते.

पण काय नाठाळ शब्द! खेळणे म्हणजे 'हुगार'. मी खेळतो म्हणायचं तर पोट फुगून 'हुएगो', तू खेळतोस 'हुएगास'. आणि आपण खेळतो म्हणताना पुन्हा सडपातळ, 'हुगामोस'. असलं गिऱ्हाईक चाळीस वर्षांत भेटलं नाही. माप घ्यावं तरी कुठल्या वारी?

तुझा,
दादा

१२ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

पाठांतर तुला शाळेतही जमलं नव्हतं. बाईंनी दहा-दहा वेळा लिहायला लावलं, तेव्हा कुठे चार शब्द डोक्यात शिरले. तेव्हा लिहून काढ. वही शोधत बसू नकोस, हातात जे असेल त्यानं लिही. माझ्या कोटाचं अस्तर बदलायला दिलंय, त्यालाही आता वर्ष होईल. तेवढं तरी मराठीत आटप.

तुझी,
बेबी

२० मे

चि. बेबीस, अ. आ. वि. वि.

तुझ्या सल्ल्यानं बुडालो. माझ्या हातात असतो खडू आणि समोर असतं अस्तर. शिवता शिवता त्यांच्याच रोमन अक्षरांत लिहीत गेलो, झटकायचं राहून गेलं. मुख्याध्यापकांनी भर सभेत कोट काढून खुर्चीला लावला, तर आत ठळक 'हुएगास'!

आता गावभर बोभाटा झालाय, की शिंपी गिऱ्हाइकांच्या पोटावर परक्या भाषेत शेरे मारतो. दंतवैद्य विचारून गेला, त्याच्या कोटातल्या शब्दाचा अर्थ ढेरपोट्या का. मुख्याध्यापकांना मी खरा अर्थ सांगितला, तू खेळतोस. ते आणखीच भडकले. शाळेच्या वेळात मी पत्ते खेळतो हे तुम्हाला कोणी सांगितलं, म्हणाले.

दुकानात चिटपाखरू नाही. पोर येईल ती रिकाम्या दुकानात.

तुझा,
दादा

२२ जून

चि. बेबीस, अ. आ. वि. वि.

काल सगळे गेले. पहिल्या दिवशी टेप खिशात लपवून मी सहाही रूपं घडाघडा म्हणून दाखवली. पोरीनं परीक्षकासारखी ऐकून घेतली आणि आईच्या मागे गेली. जावई म्हणाला, उच्चार छान आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक अस्तर साफ करून घ्यायला आले. कोट उलटा करतोय तोच पोर पुढे आली, अक्षरं लावून वाचली आणि खो खो हसत सुटली. मग त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली. लेकीनं सांगितलं, हे आजोबा काय खेळतात असं विचारतेय. त्यांनी मान खाली घालून खिशातून पत्ते काढले.

कोट तसाच राहिला. कापडं बेतायच्या टेबलावर डाव बसला. चौथ्या दिवशी दंतवैद्यही आपलं अस्तर वाचून घ्यायला आला आणि डावात शिरला. आणि मी? ज्यानं तीन महिने क्रियापद घोटलं, तो कोपऱ्यात बसून काज करत होतो!

पाचव्या दिवशी पोर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझी बंडी उलटून बघितली, आत काहीच लिहिलेलं नाही. तिनं माझ्या खिशातली टेप ओढली, स्वतःच्या गळ्यात घातली. माझं नाक मोजलं, दोन्ही कान मोजले. मग खडू घेऊन बंडीच्या आत लिहिलं, 'हुएगास'. आणि हाताला धरून टेबलाशी नेलं.

सलग अकरा डाव हरलो, बेबे.

बंडीला ब्रश लावू देत नाही कुणाला. तुझा कोट पाठवतोय. अस्तरात लिहिलंय ते पोरीनं, मी नव्हे. लोभ काही नव्यानं शिवून मिळत नाही, आहे तोच जपून वापर.

तुझा,
दादा